सहा कोनांचा दगड

माझा स्वभाव संशयी आहे असं माझ्या घरातले सगळे म्हणतात. भाजीवाल्याचा तराजू, डॉक्टरचं निदान, सुनेने "चहा बरा झालाय ना?" असं विचारण्यामागचा हेतू, कशावरच माझा पटकन विश्वास बसत नाही. पूर्वी मी हे नाकारायचे आणि वर भांडायचे. आता नाकारत नाही, कारण हा स्वभाव कुठे लागला ते मला पक्कं ठाऊक आहे. भोरला नीरा नदीच्या अंगाला आमचं दोन खोल्यांचं पत्र्याचं घर होतं, तिथे तो लागला. ज्या घरात आईवडील मिळून काहीतरी लपवतात, त्या घरातलं पोर दुसरं काय शिकणार?

घर लहान होतं, पण आवाज अख्ख्या आळीला पुरेल इतका. अब्बा संध्याकाळी बातम्या लावत तेव्हा शेजारपाजारचे आपला रेडिओ लावायचे कष्टच घेत नसत. अब्बांचं बोलणंही तसंच. साधं मीठ मागितलं तरी नवख्या माणसाला आत भांडण चाललंय असं वाटे. अम्मीचं नेमकं उलट. तिने अब्बांना हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. बोलवायचं असलं की ती जमिनीवर टाच आपटायची, नाहीतर त्यांच्या नजरेसमोर येऊन उभी राहायची. जेवायला ती नेहमी त्यांच्या डाव्या हाताला बसे. एकदा मी ती जागा पटकावली तर तिने मला दंडाला धरून उठवलं. दारात कुणी आलं की उत्तर तीच द्यायची, "हे म्हणताहेत उद्या येतो म्हणून," आणि हे तर मुळी काही म्हणालेलेच नसायचे. मी हे सगळं बघत होते आणि मनात जमवत होते.

शुक्रवारी मटण असे, एरवी तांदळाची भाकरी, डाळ आणि सुक्या बोंबलाची चटणी. बोंबील तव्यावर तडतडायला लागले की अम्मी पाठ फिरवलेली असली तरी आवाजावरून जाळ मागे ओढायची. एकदा ती शेजारी गेली असताना अब्बांनी बोंबील भाजायला घेतले आणि त्यांचा पार कोळसा केला. धूर डोळ्यात जाईपर्यंत ते तव्याकडे पाठ करून, विडी ओढत शांत बसून होते. मी उंबऱ्यावर अभ्यास करत होते. यांचं लक्ष कुठे असतं, हा प्रश्न मी त्या दिवशी स्वतःला पहिल्यांदा विचारला.

उत्तरही मीच काढलं. अब्बा तेव्हा महिन्यातून एकदा वेल्ह्याला जात. तिकडे त्यांचं काही काम चालू नव्हतं, कारण दगडाला भोकं पाडायच्या कॉम्प्रेसरचा ट्रॅक्टर आमच्या दारातच उभा असे. दुसऱ्या दिवशी परत येत तेव्हा त्यांच्या मानेला, कानशिलाला कसल्याशा तेलाचा वास यायचा. आमच्या घरात तसलं तेल नव्हतं. अम्मी काही विचारायची नाही, नुसती त्यांच्या तोंडाकडे बघायची, आणि ते मान हलवून नाही म्हणायचे. पंधरा वर्षांच्या मुलीला एवढ्यावरून जे सुचायचं ते सुचलं. वेल्ह्याला अब्बांचं दुसरं घर आहे, असं मी ठरवून टाकलं. त्या बाईला मी एक निळी साडी आणि एक सोन्याचा दातही देऊन ठेवला होता.

अब्बांचा धंदा विहिरी फोडण्याचा. आमच्या डोंगरपट्ट्यात वर थोडा मुरूम लागतो, खाली सगळा काळा दगड. त्या दगडात कॉम्प्रेसरने भोकं पाडायची, भोकांत सुरुंगाच्या दारूच्या कांड्या ठासायच्या, वाती कमी-जास्त लांबीच्या ठेवायच्या म्हणजे एकामागून एक उडतात, आणि वर येऊन लांब उभं राहायचं. याला बार म्हणतात. पाच भोकं केली असतील तर पाच बार ऐकू आले पाहिजेत. चारच आले तर एक जिवंत राहिलाय असं समजायचं आणि विहिरीकडे फिरकायचं नाही. म्हणून बार उडताना सगळे मोठमोठ्याने मोजत. त्यानंतर पहिल्यांदा खाली उतरायचं ते अब्बांनी, एकट्याने. त्यांनी खालून दोर हलवल्याशिवाय दुसऱ्या माणसाने काठाकडेही यायचं नाही, असा त्यांचा नियम होता आणि तो मोडणाऱ्याचं काम ते अर्ध्यावर सोडून येत.

अजून एक गोष्ट ते करत. वाती पेटवून वर आले की पायातल्या चपला काढून बाजूला ठेवत आणि मान खाली घालून उघड्या खडकावर उभे राहत. बार संपले की चपला घालत. मीही लहानपणी त्यांच्याबरोबर गेले असताना ते पाहिलं होतं आणि मशिदीत काढतात तशाच काढल्या असतील असं धरून चालले होते. गावोगावच्या लोकांनीही तसंच धरलं. जमिनीला इजा करतोय म्हणून उस्मानभाई अनवाणी होतात, केवढा भाव आहे बघा माणसाचा, असं म्हणत हळूहळू सगळेच बार उडताना चपला काढायला लागले. हिर्डोशीकडच्या काही वाड्यांवर तर ती रीतच पडून गेली. तिकडे मे महिन्यात तापलेल्या कातळावर दहा-पंधरा माणसं अनवाणी, माना खाली घालून उभी आहेत आणि बार मोजताहेत, हे दृश्य आज आठवलं की मला हसू येतं आणि मग लगेच येईनासं होतं.

त्या वर्षी मी दहावीला होते. आमच्या विज्ञानाच्या बाई जरा वेगळ्या होत्या. एकदा त्यांनी वर्गात टेबलावर एक गारगोटीचा खडा ठेवला, बोटाएवढा, पारदर्शक, टोकाला निमुळता. त्याच्या बाजू मोजायला लावल्या. सहा. मग कंपासपेटीतला कोनमापक लावायला सांगितला. दोन बाजूंमधला कोन एकशे वीस अंशांचा, सगळीकडे. त्या म्हणाल्या की असा खडा डोंगराएवढा वाढला काय नि मोहरीएवढा राहिला काय, त्याचा कोन बदलत नाही, कारण आतले कण ज्या रांगेत बसतात ती रांग ठरलेली असते. पाणी गोठतं तेव्हा त्याचे कणही सहासहाच्या कड्या करून बसतात, म्हणून पुस्तकातल्या चित्रातला बर्फाचा कण सहा पाकळ्यांचा असतो. मीठ मात्र चौकोनीच व्हायचं. ज्याची जी घडण, ती त्याला मोडता येत नाही.

मला अर्थातच हे खरं वाटलं नाही. एप्रिलमध्ये वळवाच्या पावसात गारा पडल्या तेव्हा मी परात घेऊन अंगणात गेले आणि एकेक गार उचलून तिचे कोन शोधत बसले. एकालाही कोन नव्हता. सगळ्या वाटोळ्या, काही तर पांढऱ्याफटक बटाट्यासारख्या. तशीच परात घेऊन मी बाईंच्या घरी गेले आणि पुस्तक खोटं आहे असं सांगितलं. परातीत तोवर पाणीच उरलं होतं. बाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, गार वरून गोल दिसते कारण वाऱ्यात लोळत लोळत तिच्यावर थरावर थर बसतात. आत प्रत्येक कण सहाच्याच कडीत असतो, तुला बाहेरून दिसत नाही इतकंच. ही पळवाट आहे असा मला दाट संशय आला. पण खडकातल्या स्फटिकाला वारा लागत नाही, त्याने तरी खोटं बोलायचं कारण नव्हतं, म्हणून त्याच्यावर मी विश्वास ठेवला.

त्या उन्हाळ्यात अब्बांचं काम हिर्डोशीच्या अलीकडच्या एका वाडीवर होतं. विहीर चौघा भाऊबंदांची, सामाईक. वाडीत उन्हाळ्यात बायकांना खालच्या ओढ्यावरून हंडे आणावे लागत, त्यामुळे पावसाळ्याआधी पाणी लागलंच पाहिजे अशी घाई होती. चौघांत सगळ्यांत थोरले ते तात्या, पांढऱ्या मिशांचे, कमी बोलणारे. त्यांचा पुतण्या विलास माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठा असेल. तो सगळ्यांकडे डोळे बारीक करून बघायचा, आणि हे मी म्हणतेय म्हणजे बघा.

एका दुपारी पाच बार उडवून अब्बा नेहमीप्रमाणे एकटे खाली उतरले. बराच वेळ दोर हलला नाही. वरची माणसं चुळबुळ करायला लागली. शेवटी अब्बा वर आले ते स्वतःच सांगत आले की भिंतीत एक पोकळी फुटलीय, आत काचेसारखे दगड आहेत, जपून उतरा. सगळे खाली गेले. टोपलीएवढी पोकळी, तिला आतून पांढरा खरखरीत थर, आणि त्या थरात रोवलेले हिरवट, पाण्यासारखे स्वच्छ, चौकोनी खडे. कुणीतरी हिरे म्हणालं. कुणीतरी म्हणालं की पानशेतकडे पुण्याच्या लोकांनी बंगले बांधलेत, ते असले दगड कपाटात मांडतात आणि मागाल ती किंमत देतात. मग विलासने बॅटरी मारली आणि मधोमध एक रिकामा खळगा दाखवला. तिथला खडा निघालेला होता, आणि तोच सगळ्यांत मोठा असणार हे खळग्यावरूनच कळत होतं.

त्या घटकेपासून वाडीतलं बोलणं बदललं. अब्बांना तोंडावर कुणी काही म्हणालं नाही. पण काम थांबलं. बार लावले तर पोकळी फुटेल, म्हणून बार नकोत. खडे काढावेत तर कुणाच्या समोर काढावेत यावर चौघांचं जमेना, म्हणून खडेही नकोत. दोघे भाऊ दिवसाचे काठावर राखणीला बसायला लागले, आणि ते एकमेकांची राखण करताहेत हे सगळ्या वाडीला कळत होतं. शेवटी पोकळीचा मधला कातळच छिन्नीने सोडवून तात्यांच्या पडवीत पाटीखाली झाकून ठेवला. अब्बा आठवडाभर तिथे बसून राहिले आणि मग घरी आले. पोकळीतल्या चौकोनी खड्यांचं सांगून झाल्यावर, वाडीत त्यांच्या चहाचा कप वेगळा ठेवायला लागलेत, एवढंच ते अम्मीला म्हणाले, तेही मोठ्याने, त्यामुळे मलाही कळलं. इतकी वर्षं त्या भागातल्या वाड्यांत ते घरच्या भांड्यांत जेवत होते.

दोन दिवसांनी विलास भोरला आमच्याकडे आला. बाजाराला आलो होतो म्हणाला, पण हातात पिशवी नव्हती. अम्मीने चहा केला. तो पीत असताना त्याची नजर आधी फळीवर, मग कपाटावर, मग खाटेखालच्या पत्र्याच्या ट्रंकेवर गेली आणि तिथे थांबली. जाताना म्हणाला की परवा वाडीत सगळे बसणार आहेत, उस्मानभाईंनी यावं. मला त्याची चीड आली. पण तो गेल्यावर मीही त्या ट्रंकेकडेच बघत होते, हे कबूल केलं पाहिजे. अब्बा असं काही करतील का? वेल्ह्याला दुसरं घर असलेला माणूस काय करणार नाही?

दुसऱ्या दिवशी दुपारी अब्बा ट्रॅक्टरचं काहीतरी दुरुस्त करायला गेले होते आणि अम्मी नदीवर होती. मी ट्रंक उघडली. तळाशी, अब्बांच्या लग्नातल्या शेरवानीखाली, एका जुन्या रुमालात गाठ मारून ठेवलेला एक खडा होता. अंगठ्याहून जाड, पारदर्शक, टोकाला निमुळता.  मी तिथेच बसले. मग काय करावं सुचेना म्हणून मी कंपासपेटी आणली आणि कोन मोजला. एकशे वीस. बाजू मोजल्या. सहा. याचा अर्थ काय ते मला तेव्हा कळलं नाही, फक्त चोरीचा माल मोजत बसलेय असं वाटून लाज वाटली. अम्मी ओले कपडे घेऊन दारात कधी येऊन उभी राहिली तेही कळलं नाही.

ती ओरडेल असं वाटलं होतं. तिने कपडे खाली ठेवले, दार लोटलं आणि माझ्यासमोर बसली. हा दगड त्या विहिरीतला नाही, असं ती म्हणाली. माझ्या जन्माच्या पुढच्या वर्षी राजगडाखाली पाली गावात अब्बा एक विहीर फोडत होते. तेव्हा त्यांच्याबरोबर एक जोडीदार असायचा, बार तो मोजायचा. त्याने पाच झाले म्हणून सांगितलं. झाले होते चार. अब्बा खाली उतरून कपारीला वळले आणि पाचवा उडाला. कपार मध्ये होती म्हणून माणूस वाचला, पण उजव्या कानातून रक्त यायला लागलं आणि तो कान तिथेच संपला. त्यांना वर काढलं तेव्हा मुठीत हा दगड होता. मूठ उघडायला दोन माणसं लागली. तेव्हापासून ते दुसऱ्या कुणाच्या मोजण्यावर विश्वास ठेवत नाहीत. आता डावा कानही गेल्यातच जमा आहे. वेल्ह्याला एक वैदू आहे, तो कानात लसणीचं तेल घालतो. काही उपयोग नाही.

"मग बार मोजतात कसे?" मी विचारलं.

"पायांनी," अम्मी म्हणाली. "कातळ हादरतो ते तळव्याला कळतं. पर दोन बार लागोपाठ उडाले तर एकच कळतो. म्हनून खाली गेल्यावर एकेक भोक हातानं चाचपून बघतात. येळ लागतो त्याला."

त्या क्षणी माझ्या मनातली निळ्या साडीची बाई नाहीशी झाली आणि तिच्या जागी इतकं काही आलं की मला रडूही येईना. जमिनीवर आपटलेली टाच, डाव्या बाजूची जागा, जळलेले बोंबील, सगळं मी बरोबर पाहिलं होतं आणि सगळ्याचा अर्थ चुकीचा लावला होता. अम्मीने मला शपथ घातली. बहिऱ्या माणसाला कुणी दारूच्या कांड्या हातात देणार नाही, आणि अब्बांना दुसरा धंदा येत नाही. कुणाला कळता कामा नये. मग तिने दगड रुमालात बांधला आणि माझ्या हातात दिला. उद्या झडती घ्यायला आले तर याची कथा कोण ऐकून घेणार आहे, असं म्हणाली. जा, नीरेत टाकून ये.

मी नदीवर गेले. घाटाच्या पायरीवर उभी राहून हात वरही नेला. पण डोक्यात वाडीतल्या खळग्याचं वर्णन फिरत होतं. खडे चौकोनी, असं अब्बा म्हणाले होते. हा षट्कोनी. रुमाल मी दप्तरात घातला आणि टाकला म्हणून घरी सांगितलं. आयुष्यात मी अम्मीशी खोटं फार वेळा बोललेले नाही, हे त्यातलं एक.

बैठकीच्या दिवशी मी हट्ट करून अब्बांबरोबर गेले. एसटीने फाट्यापर्यंत आणि पुढे तासभर चालत. तात्यांच्या पडवीत चौघे भाऊबंद आणि इतर सात-आठ जण बसले होते. मध्ये पाटी पालथी घातलेली. आम्हाला घोंगडी अंथरून दिली, पाणी दिलं. तात्या अब्बांच्या समोर बसले आणि सावकाश बोलले.

"उस्मानभाई, आमी तुमाला चोर म्हनत न्हाई. येवढंच सांगा, त्या दिशी खाली येवढा येळ काय करत व्हता?"

अब्बा त्यांच्या ओठांकडे बघत होते. "भोकं तपासत व्हतो, तात्या. नेहमी तपासतो."

विलास मागे खांबाला टेकून उभा होता. पाच भोकं तपासायला अर्धा तास लागतो का, असं त्याने तिथूनच विचारलं. अब्बा तात्यांकडे बघत राहिले. विलासने पुन्हा विचारलं, जरा चढ्या आवाजात. अब्बांनी मान वळवली नाही. पडवीत सगळे एकमेकांकडे बघायला लागले. विचारलेल्या प्रश्नाला उत्तर न देता समोर बघत बसलेला माणूस त्यांना दिसत होता, आणि त्याचा त्यांनी लावला तोच अर्थ कुणीही लावला असता. दोन दिवसांपूर्वी मीही लावला असता. एक भाऊ खाली मान घालून म्हणाला की झडती घेतलेली बरी, म्हणजे दोन्हीकडचं मन साफ होईल.

मी उठले. अब्बांच्या पुढे, तात्यांच्या समोर जाऊन बसले आणि दप्तरातून रुमाल काढून गाठ सोडली. दगड बघताच पडवीत एकदम गलका झाला. विलास खांब सोडून पुढे आला. मागे अब्बांच्या तोंडावर काय होतं ते मला दिसलं नाही आणि बघायची हिंमतही नव्हती.

"तात्या, ती पाटी उचला," मी म्हणाले. "ह्यो दगड त्या खळग्यात बसतो का बघा."

तात्यांनी पाटी उचलली. पांढऱ्या थरातला खळगा स्वच्छ चौकोनी होता, चार कोपरे चार बोटांनी दाखवावेत इतका स्पष्ट. मी दगड उभा धरून त्यात घातला. बसेना. फिरवला. दोन बाजू टेकल्या की बाकीच्या अडायच्या. मी तात्यांना याच्या सहा बाजू मोजायला लावल्या, शेजारच्या खड्यांच्या चार मोजायला लावल्या. गारगोटी कधी चौकोनी होत नाही आणि हे दगड कधी षट्कोनी होत नाहीत, असं बाईंच्या थाटात सांगितलं. तात्यांनी स्वतःच्या हाताने तीन-चार वेळा बसवून पाहिला, खळग्याच्या कोपऱ्यांतून अंगठा फिरवला आणि दगड माझ्या हातात परत दिला.

"ह्यो हितला न्हाई," ते सगळ्यांना म्हणाले.

मला वाटलं, संपलं. इथे मी थांबायला हवं होतं का? या प्रश्नाशी मी पस्तीस वर्षं झगडतेय. अभ्यासाने पुढे मला हेही कळलं की एकाच पोकळीत गारगोटी आणि ते चौकोनी खडे दोन्ही सापडू शकतात. माझा पुरावा त्या खळग्यापुरताच खरा होता. विलास शाळा फार शिकला नव्हता, पण त्याने नेमकी तीच जागा पकडली. हा खळग्यातला नसेल, पण पोकळीतल्या दुसऱ्या कुठल्या कोपऱ्यातला नसेल कशावरून? नसला तर रुमालात बांधून का ठेवलाय? आणि खाली इतका वेळ कशापायी? गलका पुन्हा वाढला. चांगला माल आधीच हलवला असेल, असं कुणीतरी पुटपुटलं. मागून अब्बांचा आवाज आला, "काय म्हनत्यात?" असा, नेहमीसारखा मोठा, आणि तो त्या पडवीत इतका विचित्र वाटला की दोघे-तिघे हसले.

ते हसले नसते तर कदाचित मी बोलले नसते.

"अब्बांना ऐकू येत न्हाई," मी म्हणाले. मग थांबताच येईना. पालीची विहीर, उजवा कान, पायांनी मोजलेले बार, हाताने चाचपलेली भोकं, सगळं सांगून टाकलं. चपला का काढतात तेही सांगितलं. माझी पाठ अब्बांकडे होती. त्यांना माझे ओठ दिसत नव्हते.

कुणी हसलं नाही. विलास मागे सरकून भिंतीला टेकला. तात्यांनी माझ्या खांद्यावरून मागे अब्बांकडे पाहिलं. मग त्यांनी विचारलं, कधीपासून? मी सांगितलं. ते हळू आवाजात म्हणाले की आमची चार पोरं रोज यांच्या शब्दावर खाली उतरत होती. त्यात राग नव्हता. राग असता तर मी उलटून बोलले असते. ते उठले, अब्बांसमोर उकिडवे बसले आणि त्यांचे दोन्ही हात हातात घेऊन, एकेक शब्द सुटा करून, तोंड मोठं उघडून बोलले.

"उस्मानभाई. तुमी चोर न्हाई. आमी चुकलो." मग हात न सोडता म्हणाले, "पर आता बार नका लावू."

अब्बांनी आधी तात्यांकडे, मग सगळ्यांकडे, मग माझ्याकडे पाहिलं. त्यांना अर्धंच कळलं होतं. आम्हाला त्या दिवशी जेवल्याशिवाय सोडलं नाही. भात, कुळथाचं पिठलं आणि लोणचं, घरच्या ताटांत. सगळे अब्बांशी फार प्रेमाने वागत होते आणि सगळे त्यांच्याशी ओरडून बोलत होते. मी ताटातलं पिठलं भातात नुसती कालवत बसले होते. महिन्याभरात ही गोष्ट महाडच्या घाटापर्यंत सगळ्या वाड्यांना कळली. अब्बांच्या इमानाचं सगळीकडे कौतुक झालं आणि काम कुणी दिलं नाही. त्यांनी ट्रॅक्टर दुसऱ्या एकाला देऊन टाकला आणि पुढे कितीतरी वर्षं बाजारात कुलपं-किल्ल्या विकल्या. वाडीची विहीर दुसऱ्या माणसाने पुरी केली. खळग्यातला चौकोनी खडा काही सापडला नाही. माझा संशय विलासवर आहे. पुरावा नाही, स्वभाव आहे.

पण हे सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी आम्ही फाट्यावर एसटीची वाट बघत उभे होतो. आणखी पाच-सहा माणसं होती, गवताचे भारे, एक शेळी. अब्बा वाटभर माझ्या पुढे चालत आले होते. तिथे त्यांनी विचारलं, "तू त्यांना काय सांगितलंस? एकदम गप झाली समदी."

मी त्यांच्या डाव्या बाजूला गेले. शपथ मोडली होती, धंदा बुडवला होता, निदान खोटं तरी बोलायचं नाही असं ठरवलं. "मी सांगितलं, तुमाला ऐकू येत न्हाई."

"काय?"

"तुमाला ऐकू येत न्हाई म्हनून सांगितलं, अब्बा."

त्यांनी हात कानामागे धरला आणि पुन्हा वाकले. मग मी छाती भरून ओरडून सांगितलं. भारे घेतलेल्या बायकांनी वळून पाहिलं. या वेळी त्यांना कळलं. ते सरळ झाले, इकडेतिकडे बघितलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना अगदी हळू आवाजात बोलताना ऐकलं.

"जरा हळू बोल, नसीम," ते म्हणाले. "लोक ऐकत्यात."